बोल्टवरची हिरवी रेघ

११ जानेवारी

भावजी,

तुम्ही येऊन जात होतात हे मला आज कळलं. जिन्याखाली यायचं, गाडीचं काम करायचं आणि वर न येता निघून जायचं. एकच मजला होता. चहा तरी प्यायला असतात.

रागावून लिहीत नाही. हे वाक्य परत वाचलं तर रागावूनच लिहिलेलं दिसतंय, पण आता खोडत नाही.

कसं कळलं ते सांगते. हे गेल्यापासून स्कूटर जिन्याखाली तशीच उभी होती. जो येईल तो म्हणे, विकून टाक. खालच्या काकू म्हणाल्या, "ठेवून करणार काय? कपडे वाळत घालणार का तिच्यावर?" मला शाळांचे गणवेश पोचवायचे असतात, आणि यांनी मला गाडी चालवायला शिकवली ती काही गंमत म्हणून नाही. परवा ती ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने बॅटरी बदलली, एंजिन ऑइल बदललं आणि विचारलं, "गिअर ऑइल कधी बदललं होतं?"

"आमचे भावजी गेल्यापासून नाही," मी म्हटलं.

"अरेरे. कशाने गेले?"

"गेले म्हणजे नोकरीला गेले. लांब."

तो हातातला पाना कानामागे घासत म्हणाला, "मग इतक्या वर्षांनी तेल नाही निघायचं, डांबर निघेल. गिअरचे दात शिल्लक असले तर नशीब समजा. ठेवून जा गाडी."

मी नाही ठेवली. घरात पाने आहेत, गाडीचं पुस्तक आहे, आणि शिलाई मशीनला तेल घालता घालता माझे केस पिकलेत. पुस्तक वाचून काढलं. तुम्हाला माहीतच आहे, मी पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. गिअर ऑइलवर त्यात अर्धं पान आहे. त्या अर्ध्या पानात तुमच्या वडिलांचं वाक्य मात्र नाही, तुम्ही दोघे भाऊ एका सुरात म्हणायचात ते: भरायचं तोंड उघडतंय याची खात्री होईपर्यंत रिकामं करायला घ्यायचं नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला असे वडील नसावेत.

आज सकाळी गल्लीतून एक फेरी मारून आले, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होईल. गाडी मधल्या स्टँडवर घेतली. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला बसले. आधी वरचा बोल्ट, भरायचा. तो सुटला. मग खाली जुनं पातेलं ठेवलं आणि तळाचा बोल्ट सैल केला. डांबर येणार म्हणून तोंड वाकडं करूनच बसले होते.

आलं ते मधाच्या रंगाचं. बारीक धार, जराही न तुटता, पातेल्यात गोल गोल बसत गेली. मी पाना हातात धरून नुसती बघत राहिले. धार संपली, थेंब संपले, तरी उठवेना. पातेलं उन्हात नेलं तर त्या तेलात चांदी फिरत होती. इतकी बारीक की बोटाला लागत नाही, पण पातेलं हलवलं की सगळी एकदम वळते, माशांचा थवा वळावा तशी. मेकॅनिक म्हणाला होता, गिअरचे दात घासून घासून त्यांची धूळ तेलात उतरते. आणि तेल तरी किती? चहाच्या एका कपात मावेल. यांची पाट्या रंगवायची शिडी, रंगाचे डबे, गणवेशांचे गठ्ठे, मागे मी, आणि मधूनमधून सासूबाई. एवढं सगळं त्या एका कपाने वाहून नेलं, आणि आम्ही कधी वाकून बघितलंही नाही.

मग मनात आलं, तेल इतकं स्वच्छ असायचं कारण काय?

तळाचा बोल्ट पुसला. त्यावर हिरवी रेघ होती. जुनी असेल म्हणून सोडवताना मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. पुसल्यावर बघितली तर रंग ताजा. तुमच्या घरची ही पद्धत मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिली नाही. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर एक रेघ ओढायची. रेघ जुळलेली दिसली की बोल्ट हललेला नाही. रेघ नसेल तर गाडी सुरू करायची नाही. यांचं एंजिन ऑइल, यांची रेघ लाल. तुमचं गिअर ऑइल, तुमची हिरवी. आणि तुमच्या रेघेच्या शेवटी ब्रश उचलायच्या घाईत एक ठिपका पडायचा. हे त्यावरून तुम्हाला चिडवायचे, "पूर्णविराम दिला बघ साहेबांनी."

आजच्या रेघेला ठिपका आहे.

म्हणून लिहिलं. दादाशी बोलायचं नव्हतं तर नव्हतं, पण मी काय केलं होतं?

वहिनी


२९ जानेवारी

भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी. तुम्ही लिहिलंय की त्या दिवसानंतर तुम्ही इकडे पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. दादा गेला तेव्हाही आला नाहीत, मग गाडीसाठी कशाला याल. आणि शेवटी विचारलंय, "दादाने जाताना माझं नाव घेतलं का, तेवढं कळवा. घेतलं नसेल तर मी कुठल्या तोंडाने येऊ?"

तुमच्यावर उगाच आळ घेतला. तो मागे घेते.

आता तुमच्या प्रश्नाचं. नाही घेतलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिता आलं असतं, पण तुमच्या घरात मी एवढंच शिकले की बोल्ट आवळला नसेल तर रेघ मारायची नाही. दवाखान्यात ते शेवटपर्यंत शुद्धीवर होते. माझ्याशी बोलले, नर्सशी बोलले, पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या औषधाच्या बाटलीवरचं अक्षर कसं गिचमिड छापलंय ते सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही. त्याआधीच्या सगळ्या वर्षांतही नाही. मी कधी विचारलं, "अहो, गिअर ऑइलचं काय?" की म्हणायचे, "ते त्याचं काम आहे. तो बघेल." विषय संपला. मला वाटायचं, हा माणूस रागाने बोलतोय.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. तुम्हाला मुलाखतीला जायची घाई होती. बोल्ट हातानेच फिरवून ठेवलात, पाना लावायचा राहिला, रेघ मारायची राहिली. हे खाली आले, शिडी बांधली आणि निघाले. तेल थेंब थेंब मागच्या टायरवर आलं, आणि वळणावर गाडी पायाखालून निघून गेली. मनगटाची हाडं जुळली पण मनगट जुळलं नाही. दवाखान्याच्या दारात हे तुम्हाला म्हणाले, "माझ्या गाडीला परत हात लावू नकोस." मी तिथेच उभी होते. तुम्ही ते इतकं मनापासून पाळाल असं तेव्हा वाटलं नव्हतं. मला वाटतं, यांनाही वाटलं नव्हतं.

तुमचं कार्ड वाचून मी परत खाली गेले. तुम्ही नाही तर मग कोण? हिरवा रंग, ठिपका. मेकॅनिकचं काम असावं म्हणून त्याला विचारलं, तर तो म्हणतो, "आम्ही बोल्ट आवळतो मावशी, रांगोळी नाही घालत."

यांचं भिंग घेतलं, पितळी पाट्यांवर बारीक अक्षरं काढताना वापरायचे ते. बोल्ट उन्हात धरला.

त्यावर एक रेघ नाही, भावजी. पंखा उघडावा तशा हिरव्या रेघा आहेत. दर वेळी नवा वॉशर बसतो, दर वेळी बोल्ट जरा वेगळ्या जागी येऊन थांबतो, आणि तिथे नवी रेघ. शेजारच्या धातूवर सगळ्या एकाच जागी आल्यात. रंगावर रंग चढून तिथे नखाएवढा जाड थर झालाय. मी मोजल्या नाहीत. मोजावंसं वाटलं नाही. जितक्या वेळा बदलायला हवं होतं, तितक्या वेळा बदललंय.

आणि आता मी जे लिहिते ते मला लिहिता येईल का, माहीत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षरं जेमतेम लागत होती. मी वाचायला शिकले ती यांच्या पाट्यांवर. खोलीत भिंतीला टेकवून वाळत असायच्या. 'औषधे' हा शब्द माझ्या कमरेएवढा होता. त्यातल्या 'औ'जवळून मी पदर सावरून रोज जायचे, आणि असंच एक दिवस तो मला वाचता आला. म्हणून पुस्तकं मी नंतर वाचली, यांचा हात आधी वाचला. रेघ कुठे सुरू व्हायची, कुठे श्वास घ्यायची, सगळं ठाऊक आहे. मनगट मोडल्यावर तो हात बदलला. ओढता ओढता मध्येच एकदा उसळायचा, शिवणीत एखादा टाका सुटावा तसा. त्यानंतर यांनी पाट्या सोडल्या आणि पत्र्याचे साचे ठेवून नंबर प्लेट रंगवायला घेतल्या. साच्याच्या आत हात उसळला तरी कळत नाही.

भिंगाखाली त्या हिरव्या रेघांमध्ये, वरच्या, म्हणजे अलीकडच्या, जवळजवळ प्रत्येकीत, मधोमध एक टाका सुटलेला आहे.

आणि शेवटी ठिपका. तुमचा ठिपका. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पाटीवर रंगाचा एक थेंब सांडू दिला नाही, त्याने तो दर वेळी मुद्दाम टाकलाय.

आज एवढंच. मला थोडं बसायचंय.

वहिनी


१८ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं उत्तर आलेलं नाही. तरी लिहिते, कारण अजून काही सापडलंय आणि ते माझ्या एकटीजवळ ठेवणं बरोबर नाही.

खालच्या काकूंना विचारलं. त्या दारातच बसलेल्या असतात, त्यांच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नाही. म्हणाल्या, "तुझा नवरा? अगं, तू बाजारात गेलीस की हा गाडीखाली डोकं घालून बसायचा. मी विचारलं की म्हणायचा, टायर बघतोय. मी म्हटलं, एवढा वेळ टायर बघतात का? बायकोचं तोंड बघ कधी एवढा वेळ."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

"मला वाटलं, सिगारेट ओढत असेल. नवरा-बायकोत मी कशाला पडू?"

मी जिन्यातच हसत बसले. काकूंना वाटलं रडते आहे. पाणी घेऊन आल्या. तेही खरंच होतं म्हणा.

मग यांची रंगाची पेटी उघडली. ती मी इतके दिवस उघडली नव्हती. लाल डबा वरच होता. हिरवा तळाशी, फडक्यात गुंडाळलेला. तुमचा जुना हिरवा रंग शाळेच्या खिडक्यांच्या कामातून उरलेला होता. तो डबा कधीच वाळून दगड झाला, तोही तिथेच आहे, यांनी टाकला नाही. त्याच्या शेजारी ही नवी डबी. बाजारातला कुठलाही हिरवा तसा नाही. यांनी तो मिसळून बनवलाय. झाकणावर रंगाचे कितीतरी टिळे आहेत. एक फार पिवळट, एक काळपट, एक जवळ आलेला, एक अगदी जवळ, आणि शेवटचा तोच. यांनी गिऱ्हाइकाच्या पाटीसाठी सुद्धा इतके टिळे लावलेले मी पाहिले नाहीत. आणि हे सगळं गाडीच्या पोटाखाली, जिथे फक्त धूळ बघते.

कशासाठी केलं असेल, हे मी खूप दिवस मनात घोळवलं. मी काही शिकलेली बाई नाही, पण मला जे दिसतं ते सांगते. तुमच्या वडिलांचा नियम अर्धाच होता असं आपण सगळे वागलो. काम करणाऱ्याने रेघ मारायची, हे खरं. पण चालवणाऱ्याने वाकून ती बघायची, हेही त्यातच होतं. त्या दिवशी तुम्ही मारली नाही आणि यांनी बघितली नाही. त्यानंतर मात्र गाडी सुरू करण्याआधी हे दर वेळी वाकायचे. मी मागे बसायला उभी असायचे आणि म्हणायचे, "आता काय पडलं?" हे म्हणायचे, "काही नाही." दर वेळी वाकून हे तुमची रेघ बघायचे. स्वतःच मारलेली, पण तुमची.

"तो बघेल," असं जे म्हणायचे, ते मी रागाचं म्हणून ऐकलं. रागावलेला माणूस जागा रिकामी ठेवतो किंवा दुसऱ्याला देतो. यांनी दोन्ही केलं नाही. तुमचं काम तुमच्या नावावर चालू ठेवलं.

तोंडाने का नाही बोलले, ते मला विचारू नका. माझ्याशीही ते फार बोलले असं नाही. त्यांनी मला गाडी शिकवली तेव्हाही मागे बसून नुसते हाताने खांदा दाबायचे, डावीकडे वळायचं तर डावा, उजवीकडे तर उजवा. कधीकधी अजून वळणावर माझा खांदा वाट बघतो.

गाडीचं सांगते. नवं तेल भरलं. भोक आडव्या अंगाला आहे, सरळ ओतता येत नाही, म्हणून औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, तिला नळी लावली आणि हळूहळू आत सोडलं. पुस्तकात लिहिलंय, तेल भोकाच्या काठाशी येऊन थांबलं की पुरे. ते काठाशी आलं, क्षणभर फुगून थांबलं, आणि एक थेंब बाहेर आला. मी तो बोटावर घेतला. आतल्या अंधारात दात दाताला लागतात, दिसत कोणालाच नाहीत, आणि त्या दोघांच्या मध्ये ही एवढीशी ओल असते म्हणून ते वर्षानुवर्षं एकमेकांना खात नाहीत.

नवा वॉशर घातला. दोन्ही बोल्ट पान्याने आवळले. मेकॅनिक येऊन बघून गेला, म्हणाला, "मावशी, माझं दुकान बंद करणार का?"

पण रेघ मारलेली नाही. ती मी मारणार नाही. लाल रेघ मी मारेन, यांची जागा माझ्याकडे आली असं मी समजते. हिरवी माझी नाही. आणि रेघ नाही म्हणून गाडी सुरू करता येत नाही. गणवेशांचे गठ्ठे मी सध्या बसने नेते. कंडक्टर रोज मला दुसरं तिकीट काढायला सांगतो, गठ्ठ्याचं.

तुम्ही म्हणाल, दादा म्हणाला होता हात लावू नकोस. म्हणाले होते. मी ऐकलंय. पण नंतर त्यांनी स्वतः तुमचा हात तिथे लावून घेतला, दर वर्षी, टाका सुटलेल्या मनगटाने. आता कुठलं खरं धरायचं ते तुम्ही ठरवा. मी तोंडाचं धरत नाही.

वहिनी


३ मार्च

भावजी,

कार्ड मिळालं. या वेळी एकच ओळ आहे. "वहिनी, माझाही हात आता थरथरतो. रेघ सरळ येणार नाही."

न येऊ दे. त्या बोल्टवर सरळ रेघेला विचारतं कोण? आधीच्या सगळ्या बघा, म्हणजे कळेल.

ठिपका तेवढा पडला पाहिजे.

वहिनी


१६ मार्च, सकाळ
(चिठ्ठी स्कूटरच्या सीटवर, पान्याखाली ठेवली आहे)

भावजी,

दहापर्यंत पोचतो म्हणालात. मी शाळेत गठ्ठा टाकून तेवढ्यात येतेच. घराची किल्ली खालच्या काकूंकडे आहे. त्या तुम्हाला कोण, कुठले, आजवर का आला नाहीत, सगळं विचारतील. उत्तर द्यायची गरज नाही, पाणी मात्र प्या.

आधी वर जा. यांचा फोटो टेबलावर आहे, त्याच्याजवळ बसा हवं तेवढं. मग खाली या.

ब्रश आणि हिरवी डबी मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला ठेवली आहे. झाकण फार घट्ट बसलं होतं, यांनीच लावलेलं होतं ते. मी सैल करून ठेवलं आहे.